गाण्यातली गोष्ट : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या रविवार-वर्गाच्या प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

वर्ग सुरू झाला. जागा लष्करातल्या एका स्नेह्यांच्या वाड्याची लांब ओसरी. वेळ सकाळी साडेनऊ ते अकरा. मुलं दुसरी ते सातवीतली, बरीचशी आसपासची, दोघं-तिघं मुरारहून येणारी. पेटीवर काका, मदतीला वाड्यातल्या आजी, आणि मी.

हे कशासाठी करतोय ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. आपल्याकडे गोष्ट सांगायची मोठी रीत गाण्यातून चालत आली आहे. भोंडला, पोवाडा, कीर्तनातलं आख्यान, दळताना म्हटलेल्या ओव्या, सगळीकडे कुणीतरी कुणाला तरी काही घडलेलं सांगतंय. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला राजधानी आणली, त्यांच्या छावणीचं हे लष्कर शहर झालं, आणि त्या घरांबरोबर ही गाणीही इकडे आली. आज ती कार्यक्रमापुरती उरली आहेत. मुलं गणेशोत्सवात गातात आणि खरोखर सुरात गातात. शेवटी ग्वाल्हेर आहे हे. पण गाणं संपल्यावर "काय झालं गं त्यात?" असं विचारलं की मूल ध्रुवपदच पुन्हा म्हणून दाखवतं. सूर जपला आणि गोष्ट सांडली. मला हे फार लागतं, म्हणून हा वर्ग.

गाणं पाठ करून घ्यायचं नाही, गायनाचा तास घ्यायचा नाही. ऐकता ऐकता गोष्ट हाती लागली पाहिजे, एवढंच काम.

आजची चाचणी. कारल्याच्या वेलाचं भोंडल्याचं गाणं आजींनी आणि मी म्हटलं. सुनेला माहेरी जायचंय आणि सासू एकेक काम पुढे करत राहते, ते. मग प्रत्येकाला विचारलं, त्यात घडलेली एक गोष्ट सांग. उत्तरं आली ती अशी: "करेला." "भाजी." "कोणी मम्मीच्या घरी जातंय." "सून आहे." एकानेही सांगितलं नाही की त्यात दोघी बोलताहेत.

शब्दांची अडचण असेल असं घरच्यांना वाटतं. मला तसं दिसलं नाही. अडलेले शब्द मुलांनी विचारले, ते दोन-तीनच होते. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. कागदावरच्या गोष्टीत "सासू म्हणाली", "सून म्हणाली" असं लिहिलेलं असतं. गाणं ते सांगतच नाही, थेट बोलायला लागतं. ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं कोणाचं तोंड उघडलंय. ही खूण मुलांना कुणी दाखवलेली नाही.

म्हणून क्रम ठरवला: आधी कोण बोलतंय, मग कोणाशी, मग काय घडलं. शब्दांचे अर्थ सगळ्यांत शेवटी, तेही लागले तर. चित्रांचे तक्ते करावेत असं एका पालकांनी सुचवलं, पण चित्र समोर आलं की कान बंद होतात. तूर्त चित्रं नकोत.

२९ सप्टेंबर, रविवार

ओसरीच्या दोन टोकांना दोन पाट मांडले. एक सासूचा, एक सुनेचा. मुलं मध्ये उभी. कडवं सुरू झालं की बोलणारीच्या पाटाकडे तोंड करायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही.

पहिल्यांदा सगळे एकमेकांकडे बघून वळत होते. मग डोळे मिटायला लावले आणि खरी गंमत सुरू झाली. अर्धी मुलं इकडे, अर्धी तिकडे. डोळे उघडल्यावर जे भांडण झालं ते मी मुद्दाम मिटवलं नाही. भांडता भांडता चौथीतल्या एका मुलीने सांगितलं, "मावशी, जिचं नाव घेतात ना, ती नाही बोलत. ती ऐकते." म्हणजे "सुने" ऐकू आलं तर सासू बोलतेय आणि "सासूबाई" ऐकू आलं तर सून. हे मी शिकवणार होतेच, पण तिच्या तोंडून आलं ते फार बरं झालं. पुढच्या फेरीत सगळे बरोबर वळले.

या एका खुणेवर किती गाणी उलगडतात! गवळणीत यशोदेचं नाव आलं की तक्रार करणारी गवळण बोलतेय, आणि कान्ह्याचं आलं की आई बोलतेय किंवा गवळणच त्याला धरून बोलतेय. ते दुसरं कसं ओळखायचं हा पुढचा अभ्यास.

मग वेळेचा हिशेब मांडला. गाणं संपायला काही मिनिटं लागतात. गोष्टीला किती वेळ लागला? कारल्याचं बी रुजायला आठवडाभर तरी लागतं, फुलं यायला महिन्याहून जास्त, आणि भाजीजोगं कारलं हाती यायला साधारण दोन महिने. हे आजींनी सांगितलं, त्यांच्या गच्चीवर वेल आहे. मुलं गप्प झाली. सहावीतला एक म्हणाला, "दोन महिने ती रोज विचारतेय?" मग दुसरा, "सासूला पाठवायचंच नाहीये."

गाण्यात हे वाक्य कुठेही नाही. सगळी गोष्ट मात्र त्याच वाक्यात आहे, आणि त्याने ते स्वतः काढलं.

६ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र. वाड्यात भोंडला मांडला. पाटावर तांदळाने हत्ती काढला, मुली-मुलगे सगळेच फेरात. फेर धरला की पाय आणि टाळ्या सांभाळण्यात गोष्ट हरवते हे दिसत होतं, म्हणून प्रत्येक गाण्यात एकदा मध्येच फेर थांबवला आणि विचारलं, आत्ता कोण कुठे आहे? सून घरात की माहेरच्या वाटेवर? तिला न्यायला आलेला माणूस दारात उभा आहे की परत गेला? थांबल्यावर उत्तरं नीट आली.

दुसरं काम वर्गवारीचं. भोंडल्याची सगळी गाणी गोष्टीची नसतात. काही नुसत्या साखळ्या आहेत. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं निघतं, पण कुणाला काही मिळत नाही, कुणाचं काही जात नाही. काही गंमतीची आहेत, वेड्या नवऱ्याची वगैरे. मुलांना कसोटी दिली ती एकच: सुरुवातीला माणूस जसा होता तसाच शेवटी आहे का? काही बदललं असेल तर गोष्ट. मोठ्या मुलांनी ही वाटणी चांगली केली. लहानांना सगळ्याच गोष्टी वाटल्या, तेही चालेल.

खिरापत ओळखायचा खेळ दणक्यात झाला. मुरारच्या आईंनी केलेल्या खोबऱ्याच्या वड्या शेवटपर्यंत कुणाला ओळखता आल्या नाहीत.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आली ती चार मुलं. आजींनी त्यांना गच्चीवरचा वेल दाखवला, कोंब, फूल, कोवळं कारलं असं गाण्याच्या क्रमाने. बाकी वर्ग नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आज ध्रुवपद.

ध्रुवपदापाशी गोष्ट थांबते. मुलांना तेवढंच ओळखीचं वाटतं म्हणून ती तिथे जोरात गातात आणि कडव्यांत घुटमळतात. म्हणजे जिथे काही घडत नाही तिथे त्यांचं लक्ष, आणि जिथे घडतं तिथे नाही. हे उलटवायचं होतं.

कारल्याचंच गाणं पुन्हा घेतलं. सुनेची मागणी प्रत्येक वेळी तीच असते, शब्दही जवळजवळ तेच. पण पहिल्यांदा ती विचारते तेव्हा बी नुकतं पेरलेलं आहे. शेवटी विचारते तेव्हा ती वेल लावून, भाजी करून, खरकटं काढून बसली आहे. तोच प्रश्न त्याच सुरात कसा विचारेल? मुलांना ती ओळ गाऊ न देता बोलायला लावली. सुरुवात लाडिक झाली, मग विनवणी, मग चिडून, आणि सातवीतल्या मुलीने शेवटची इतक्या थकलेल्या आवाजात म्हटली की आजींनी पटकन मान वळवली. यानंतर काकांनी पेटीवर तीच चाल धरली आणि सगळ्यांनी गायली, तेव्हा कुणी न सांगता शेवटच्या कडव्यांची लय संथ झाली.

तेव्हा वहीत लिहून ठेवण्यासारखं: ध्रुवपद आलं की विचारायचं, "मागच्या वेळेपेक्षा आता काय वेगळं आहे?"

वर्गाच्या शेवटी पोवाड्याची तोंडओळख. शाहीर पुढे, झीलकरी मागे, डफ आणि तुणतुणं. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना अफझलखानाच्या वधाचा, १६५९ च्या प्रसंगावरचा, अज्ञानदासाचा. त्याची भाषा या मुलांना झेपणारी नाही, म्हणून रीत तेवढी घेतली. शाहीर दोन ओळी सांगतो, झीलकरी "जी जी" करत शेवट उचलून धरतात, मध्येच शाहीर गद्यात बोलून प्रसंग समजावतो. झील नुसती शोभेची आहे असं मला कधीच वाटलं नाही. ऐकणाऱ्याला घास गिळायला दिलेला तो वेळ आहे. शाहिराला ठाऊक असतं की समोर शेकडो माणसं बसली आहेत आणि सगळ्यांना एका दमात कळणार नाही.

प्रतापगडाचा प्रसंग मी साध्या ओळींत बांधून सांगितला. मुलं झीलकरी. झील चालू असताना एकाने मोठ्याने सांगायचं, पुढे काय होणार. "खान मिठी मारणार." "चिलखत आहे!" गोष्ट ठाऊक असूनही रंगले. अंदाज बांधायची सवय लागली की कान आपोआप पुढच्या कडव्याकडे जातो.

दिवाळीमुळे पुढचे दोन रविवार सुट्टी.

१० नोव्हेंबर, रविवार

सुट्टीनंतर सगळं विसरून येतील अशी धास्ती होती. पण पहिल्याच गाण्याला धाकटी मंडळी न सांगता पाटांकडे वळली.

आज हिंदीकडून मराठीकडे यायचा प्रयत्न. सातवीतल्या मुलींनी सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरची कविता शाळेत पाठ केली आहे. त्यांनी ती म्हटली आणि बाकीच्यांनी गोष्ट सांगितली. सगळी सांगितली: लहानपणचे खेळ, लग्न, वैधव्य, इंग्रजांनी झाशी घेणं, लढाई, ग्वाल्हेर, नाला, अडलेला नवा घोडा. म्हणजे या मुलांना गाण्यातली गोष्ट पकडता येतेच. मराठीत ती आधीच हात टेकतात, "आपल्याला नाही कळणार" असं धरून चालतात. हे मनातलं काढायचं काम भाषेच्या तासाने होणार नाही.

या कवितेत एक फार उपयोगाची गोष्ट आहे. पालुपदातच कवयित्री सांगते की ही कहाणी आम्ही बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या, म्हणजे गाऊन कथा सांगणाऱ्यांच्या, तोंडून ऐकली. सांगणारीनेही ती कुणाकडून तरी ऐकलेली आहे. मुलांना विचारलं, मग आपल्यापर्यंत कशी आली? राणीला बघणारे, मग हरबोले, मग कवयित्री, मग पुस्तक, मग तुम्ही दोघी, मग आम्ही. सगळ्यांत धाकट्याने बोटं मोजली.

पालकांपैकी एकांनी आक्षेप घेतला की मराठीच्या वर्गात हिंदी कशाला. माझं म्हणणं स्पष्ट आहे: मूल ज्या भाषेत गोष्ट सांगू शकतं त्या भाषेत सांगू दे, गाणं मराठी असलं की झालं. कळलेलं एकदा कळलं की त्याला मराठी शब्द मागून येतात. उलटं होताना मी पाहिलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज वर्ग फूलबागेत. राणीच्या समाधीपाशी.

राजकवी भा. रा. तांबे यांची झाशीवाल्या राणीवरची कविता याच जागेची आहे. वाटेने जाणाऱ्या देशबांधवाला कवी थांबवतो आणि म्हणतो, दोन आसवं गाळ, ती ज्योत इथे मावळली. महाराष्ट्रात ही कविता अनेकांना पाठ असते. ग्वाल्हेरच्या मुलांना ती पाठ नसली तरी त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी पुण्यामुंबईच्या मुलांकडे नाही: कवितेतलं "इथे" त्यांच्या पायाखाली आहे.

काकांनी पेटी आणली नाही. मी नुसतीच म्हटली, रस्त्याचा आवाज बराच होता. "इथे" आलं की पायाने जमिनीवर ठोका द्यायचा, एवढं सांगितलं होतं. मग तीन पाटांचा नवा खेळ. पाट कुठून आणणार, तीन वर्तमानपत्रं पसरली: सांगणारा, ऐकणारा, आणि ज्याची गोष्ट आहे तो. तांब्यांच्या कवितेत सांगणारा कवी, ऐकणारा वाटसरू, गोष्ट राणीची. वाटसरूच्या कागदावर कोण बसणार यावर एकमत झालं नाही. एकजण म्हणाला, "आपणच ना, आपणच आलोय." बसले सगळे तिथेच, कागद फाटला.

नंतरची चर्चा मला सगळ्या प्रकल्पात मोलाची वाटते. हिंदी कविता बालपणापासून सुरू होते आणि क्रमाने शेवटाशी येते. तांबे फक्त शेवट सांगतात. घोड्यावर स्वार, हातात नंगी तलवार, गोऱ्यांची कोंडी फोडत ती इथे आली आणि संपलं. बालपण नाही, लग्न नाही, झाशी कशी गेली ते नाही. राणीचं माहेरचं घराणं तांब्यांचं, ते येतं, सासरचं नेवाळकर येतं, तेवढाच मागचा धागा. सहावीतल्या मुलाने विचारलं, "ज्याला आधीचं माहीतच नाही त्याने काय करायचं?" दुसरीने उत्तर दिलं, "थांबवलंय ना त्याला. त्याने विचारायचं."

गाणं सगळी गोष्ट सांगत नाही. पुष्कळदा ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून मधलाच तुकडा उचलतं. आपल्या जुन्या गाण्यांचं तर हे नेहमीचंच. द्रौपदीने हाक मारली एवढं म्हटलं की पुढचं-मागचं घरातल्या प्रत्येकाला माहीत असायचं. आजच्या मुलांकडे ती शिदोरी नाही, म्हणून त्यांना गाणं तुटक वाटतं. तेव्हा वर्गात प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं मागची सांगायची. पुढची अजिबात नाही.

शेवटच्या कडव्यात कवी म्हणतो की इथे शाहीर जमतील आणि या दगडांना जिभा फुटून ते सर्व काळ ही कथा सांगतील. धाकट्याने समाधीच्या दगडाला कान लावून पाहिला. कुणी हसलं नाही.

जून १८५८ ची ती लढाई, स्वर्णरेखा नाला, जवळच असलेली गंगादासांची शाळा (मठ) जिथल्या साधूंनी राणीचा देह सांभाळला, हे सगळं परत येताना रस्त्यातच सांगून झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

तीन पाटांचा खेळ आता सगळ्या गाण्यांना लावून पाहिला. कारल्याच्या गाण्यात सांगणाऱ्याचा पाट रिकामा राहतो, दोघी आपसांतच बोलतात. पोवाड्यात शाहीर, सभा आणि शिवाजी महाराज. गवळणीत सांगणारी गवळण, ऐकणारी यशोदा, गोष्ट कृष्णाची.

मग गीतरामायणातलं पहिलं गाणं. ग. दि. माडगूळकरांचं काव्य, सुधीर फडक्यांचं संगीत. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे ही ५६ गाणी आली. वाड्यात त्याच्या जुन्या तबकड्या आहेत, पण आज मोबाइलवरच ऐकवलं. मागचं म्हणून एवढंच सांगितलं की कुश आणि लव ही दोन मुलं वाल्मीकींच्या आश्रमात वाढली आहेत आणि रामाच्या सभेत गायला आली आहेत.

सांगणाऱ्याच्या पाटावर दोघे बसले. ज्याची गोष्ट तो राम. ऐकणारा कोण? राम. मग एकच मुलगा दोन पाटांवर कसा बसणार? त्याने एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवला. "राम स्वतःचीच गोष्ट ऐकतोय!" आणि लगेच पुढचा प्रश्न, "त्याला माहीत आहे का ही त्याची मुलं आहेत?" नाही म्हटल्यावर ओसरीत एकदम शांतता, मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. इतकी अवघड कथनाची रचना, आणि तिसरीतल्या मुलाला ती दोन पाटांवर पाय ठेवून कळली.

आणखी दोन गाणी ऐकवली, नाव न सांगता. कोण गातंय ते ओळखायचं. त्या मालिकेत गाण्यागणिक पात्र बदलतं, त्यामुळे या सरावासाठी तिच्याइतकं चांगलं साधन मला दिसत नाही. कौसल्या बहुतेकांनी ओळखली, निषादराजाला वेळ लागला.

१ डिसेंबर, रविवार

शहरातले एक कीर्तनकार बुवा आज वर्गाला आले. पागोटं, उपरणं, हातात झांज. मुलं आधी बुजली.

बुवांनी कीर्तनाची चौकट दोन वाक्यांत सांगितली. पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण, मग मध्ये नामाचा गजर, बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. मुलांना बुक्का लावून घ्यायचा होता, तो आधी लावला.

मी त्यांना एक विनंती केली होती: शब्द न म्हणता नुसत्या चाली म्हणून दाखवा, मुलं प्रसंग ओळखतील. आख्यानात कीर्तनकार एकाच चालीत राहत नाही. आर्या, ओवी, साकी, दिंडी, कटाव अशा चाली तो प्रसंगाप्रमाणे बदलतो, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. बुवांनी दिंडी नुसती गुणगुणली. "कोणीतरी रडतंय." "कोणीतरी सोडून गेलंय." मग कटाव, एकामागून एक अनुप्रासांची धाव, फक्त "तनन तनन" करून. "लढाई!" "जत्रा!" "मिरवणूक!" तिन्ही उत्तरं बुवांनी बरोबर ठरवली, कारण गर्दीचं, सैन्याचं, नगराचं वर्णन कटावातच येतं. साकी ऐकून एकजण म्हणाली, "आता पुढे काहीतरी सांगतायत," आणि बुवा मोकळेपणाने हसले. कथा पुढे नेण्याचंच काम तिथे असतं. आर्येसाठी मोरोपंतांचं नाव निघालं (१७२९ ते १७९४), पण मुलांना ती चाल "पाढे म्हटल्यासारखी" वाटली. त्यांच्या कानाला तसंच वाटणार, त्यावर मी आग्रह धरला नाही.

म्हणजे शब्द सुटला तरी गोष्टीचा रंग चालीवरून कळतो. इतके आठवडे आम्ही शब्दांच्या मागे होतो, आता दुसरा दोर हाती आला. चाल बदलली की समजायचं, गोष्टीत काहीतरी हललं.

नंतर बुवांनी सुदाम्याचं छोटं आख्यान केलं. गाणं, मग बोलणं, मग गाणं. बोलण्याच्या जागा त्यांनी मुद्दाम मुलांना दिल्या: पोहे कुठे लपवलेत, का लपवलेत, कृष्णाला दिसलं का? जाताना मला म्हणाले, "पुढे काय होणार ते मुलांना कधी सांगू नका. मागचं किती सांगाल तेवढं सांगा." फूलबागेत जे ठरवलं होतं तेच.

८ डिसेंबर, रविवार

प्रकल्पाची मुख्य चाचणी. आजींच्या माहेरच्या ओव्या, मुलांनी कधी न ऐकलेल्या. कृष्णाच्या बोटाला कापतं, चिंधी हवी असते. सुभद्रेच्या घरात भरजरी वस्त्रं खच्चून भरलेली, पण तिला चिंधी सापडत नाही. द्रौपदी अंगावरचा शालू फाडते. आजींनी एकदाच म्हटल्या, पेटी नाही, मागचं म्हणून "सुभद्रा कृष्णाची बहीण आणि द्रौपदी मानलेली" एवढंच सांगितलं. ओव्यांत "अमकी म्हणाली" असं एकदाही येत नाही.

मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावून गोष्ट सांगायला लावली.

बहुतेकांनी तिन्ही माणसं ओळखली. कोण कधी बोललं हे मोठ्यांनी अचूक सांगितलं, लहानांपैकी काहींनी सुभद्रेचं बोलणं द्रौपदीच्या तोंडी घातलं. ओवीत नाव न येता नुसतं "बाई" आलं तिथे घोटाळा झाला. साहजिक आहे, तिथे आमची पहिली खूण चालत नाही. पुढच्या सत्रात याच जागेवर काम करायचं: नाव नसेल तेव्हा बोलण्याच्या आशयावरून माणूस कसा ओळखायचा.

दुसरीतल्या एका मुलाला गोष्ट लागली नाही. त्याने बोट, रक्त आणि साडी सांगितली, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्याला पाटांच्या खेळात मजा येते, बसून ऐकायला लावलं की निसटतो. त्याला पुन्हा उभं करून शिकवायचं.

पाचवीतल्या मुलीने सगळी गोष्ट हिंदीत सांगितली, एकही दुवा न सोडता. शेवटी मराठीत एक वाक्य: "सुभद्रा वाईट नाही, ती शोधत बसली." यावर बाहेर आल्यावर मोठा वाद. तिला शोधायला वेळ लागला की द्यायचंच नव्हतं? ओव्या सांगत नाहीत. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी आई म्हणायची ती म्हणते मी, मला कुठे ठाऊक?" वाद तसाच ठेवला.

आणि सातवीतली मुलगी, आधी ध्रुवपदाची शेवटची ओळ थकून म्हणणारी तीच, म्हणाली, "मग नंतर सभेत कृष्ण तिला साड्या पुरवतो ते यामुळेच का?" हे ओव्यांत नाही. ते तिने महाभारतातून आणून जोडलं.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्याची तयारी. तानसेन समारोहाचं यंदा शंभरावं वर्ष. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी सकाळी सनई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण), ही तिथली ठरलेली रीत. ख्याल ऐकायला रात्री लोक येतात. आम्ही सकाळच्या हरिकथेसाठी जातोय. या शहरातल्या सगळ्यांत मोठ्या संगीत समारोहाची सुरुवात गाण्यातून कथा सांगून होते, हे आमच्या मुलांना माहीत असायला हवं.

प्रत्येकाला एकच काम दिलं आहे. धाकट्यांनी गाणं थांबून बोलणं कधी सुरू होतं तिथे बोट वर करायचं. मधल्यांनी चाल बदलली की वहीत रेघ मारायची. मोठ्यांनी तीन पाट मनात मांडायचे: कोण सांगतंय, कोणाला, कोणाची गोष्ट. ज्याला पाटांवर उभं राहून शिकायचंय तो माझ्याजवळ बसेल, गरज पडली तर आम्ही दोघं मांडवाच्या कडेला उभे राहू.

साडेआठला वाड्यापाशी जमायचं. शाल-टोपी प्रत्येकाकडे हवी, सकाळी फार गारठा असतो. मुरारच्या मुलांना त्यांचे बाबा थेट हजिऱ्याला आणतील. काका झांज आणणार होते, त्यांना नको म्हणून सांगितलं. उद्या ऐकायचं काम आहे.

संक्रांतीनंतरचं सत्र जात्यावरच्या ओव्यांचं. आजींच्या ओळखीच्या तिघी-चौघी बायका यायला तयार आहेत. जातं वाड्यात आहे, खुंटा नवा बसवून घ्यायचाय.